घोडी, हंस आणि गोराईचा कोळी

पूलच्या टेबलावर माणसाची खरी उंची कळते. पारपत्रात काही का लिहिलेलं असेना, पांढरा चेंडू टेबलाच्या मधोमध जाऊन बसला आणि मारायचं लांबीच्या बाजूने असलं, की पाच फूट चार इंच म्हणजे नेमकं किती कमी, हे आपल्यासकट सगळ्यांना दिसतं.

आम्हाला ते गोराईत दिसलं. बोरिवलीच्या धक्क्यावरून होडीने खाडी ओलांडून आम्ही चौघं एका बंगल्यात दोन दिवस राहायला गेलो होतो. पडवीत आठ फुटी टेबल, त्याचं कापड खाऱ्या हवेने जरा जड झालेलं, आणि एका अंगाला भिंत इतकी जवळ की क्यू मागे घेतला की कोपर चुन्याला घासायचं. आठ फुटी टेबलाची खेळायची जागा ८८ इंच लांब आणि ४४ इंच रुंद असते. मधला बिंदू लांब कडेपासून २२ इंचांवर, तिथे कुणाचाही हात पोचतो. पण आखूड कडेकडून तोच बिंदू ४४ इंच लांब! आमच्यातला सर्वांत बुटका गडी एक गुडघा टेबलावर ठेवून, दुसरा पाय हवेत सोडून, पोहल्यासारखा आडवा झाला. लगेच तिघांनी गलका केला: फाऊल! मारताना निदान एक पाऊल जमिनीला टेकलेलं हवं, हा नियम पूलमध्येही आहे आणि स्नूकरमध्येही.

‘रेस्ट कुठंय?’ असं विचारल्यावर बंगला सांभाळणारे काका शांतपणे म्हणाले, ‘ती होय? मागल्या पावसात पाणी तापवायला गेली.’

तर हा चटपटीत ऐवज त्या चुलीत गेलेल्या काठीच्या नावाने.

कोळ्याच्या गावात कोळी

क्यू टेकवायला जी आधाराची काठी वापरतात तिला आपल्याकडे क्लबात ‘रेस्ट’ म्हणतात, अमेरिकेत ‘ब्रिज’. साध्या रेस्टच्या टोकाला फुलीच्या आकाराचं डोकं असतं. मध्ये दुसरा चेंडू आडवा आला, तर त्याच्यावरून क्यू न्यायला उंच पायांचं डोकं लागतं. हे डोकं पाय फाकवून टेबलावर उभं राहतं, म्हणून त्याचं नाव ‘स्पायडर’. म्हणजे कोळी. आता गोराई हे मूळचं कोळ्यांचं आणि ईस्ट इंडियन लोकांचं गाव. जाळं विणणारा जीव आणि जाळं टाकणारा माणूस या दोघांना मराठीने एकच शब्द दिला, त्यामुळे ‘कोळी द्या जरा इकडे’ असं पडवीतून ओरडलं की गोराईत दोनचार माणसं वळून बघण्याची शक्यता आहे.

कोळ्यानेही काम भागत नसेल, तर लांब मान पुढे काढलेलं एक डोकं असतं. त्याला ‘स्वान’ म्हणजे हंस म्हणतात. चेंडूंच्या घोळक्यावरून मान काढून तो पलीकडे टेकू देतो. अमेरिकेत मोठ्या, अनेक खाचांच्या डोक्याला ‘मूसहेड’ म्हणतात. मूस म्हणजे फावड्यासारखी रुंद शिंगं असलेलं थोरलं हरीण. एका काठीसाठी अख्खं प्राणिसंग्रहालय.

इंग्लंडातल्या जुन्या खेळाडूंच्या तोंडी रेस्टला आणखी एक नाव होतं, ‘जिगर’. आपल्या जिगरीशी त्याचा काही संबंध नाही, पण चारचौघांत ती काठी मागायला जिगर लागते हे खरं. कारण बाकीची टोपणनावं बघा. अमेरिकन अड्ड्यांवर तिला ‘आजीची काठी’ म्हणत, ‘बायकांची मदत’ म्हणत, आणि सरळसरळ ‘कुबडी’सुद्धा. टोमणा असा की खऱ्या मर्दाला हिची गरज नाही. मराठी माणसाने मात्र कुबडी या शब्दाला एवढं हलकं समजू नये. सज्जनगडावर समर्थ रामदासांची कुबडी जपून ठेवली आहे आणि तिच्या पोटात गुप्ती आहे.

आपल्याकडे शब्द आधीच होता

‘ब्रिज’ला मराठीत काय म्हणायचं यावर त्या संध्याकाळी चहा गार होईपर्यंत वाद झाला. पूल म्हणावं, तर खेळाचं नावही पूल. ‘पूलचा पूल’ ऐकून महापालिकेचं टेंडर आठवतं. टेकू चालेल, पण तो भिंतीला देतात. शेवटी आमच्यातल्या एकीने, जी लहानपणी सहा वर्षं गाणं शिकली आणि मग सुटली, निकाल लावला: ‘तंबोऱ्याची असते ती काय असते? घोडी!’

बरोबर. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी. इंग्रजीत तिलाही ब्रिजच म्हणतात. गंमत म्हणजे फ्रेंच माणूस व्हायोलिनच्या त्याच भागाला ‘छोटा घोडा’ म्हणतो. पॅरिसला आणि मिरजेला न विचारता एकच जनावर सुचलं. सुतार लाकूड कापायला ज्या तिकाटण्यावर ठेवतो तीही घोडीच. पाठीवर भार घेऊन मुकाट उभं राहायचं, एवढंच तिचं काम.

मिरजेचा उल्लेख निघाला म्हणून सांगतो. तिथले तंतुवाद्यांचे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात या घराण्यांनी सतार-तंबोऱ्याकडे हात वळवला. घोडीचा माथा कानशीने घासून तार तिच्यावर नेमकी किती टेकते ते जुळवायचं, याला जवारी काढणं म्हणतात. केसभर चूक झाली तरी तंबोरा बोलत नाही. पूलच्या रेस्टची खाच घासणं हे त्याच जातीचं काम, फक्त इथे आवाज नको असतो.

आणि दोन्हीकडे एकेकाळी हस्तिदंत होता. घोड्या हस्तिदंती असत, बिलियर्ड्सचे चेंडूही. हत्ती पुरेनात म्हणून १८६३ साली न्यूयॉर्कच्या फेलन नावाच्या टेबलवाल्याने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं. जॉन वेस्ली हायट हा छपाईच्या धंद्यातला माणूस त्या नादाने प्रयोग करत सुटला आणि त्यातून सेल्युलॉइड आलं. पुढे सिनेमाच्या फिती त्याच सेल्युलॉइडच्या झाल्या. म्हणजे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फितीवर उतरला तिच्या मुळाशी बिलियर्ड्सचा एक चेंडू आहे.

जेट्टीवरचा क्यू आणि टेबलावरचा क्यू

आधी क्यू नव्हताच. सोळाव्या-सतराव्या शतकातले युरोपी लोक चेंडू ‘मेस’ने ढकलत. मेस म्हणजे रुंद लाकडी डोक्याची काठी. चेंडू कुशनला चिकटला की ते जाडजूड डोकं तिथे मावेना, मग खेळाडू काठी उलटी करून शेपटाकडच्या बारीक टोकाने मारत. फ्रेंचमध्ये शेपूट म्हणजे ‘क्यू’. त्या शेपटीचंच हत्यार झालं आणि नावही तेच राहिलं. एकामागे एक उभ्या राहिलेल्या माणसांची रांग शेपटासारखी दिसते, म्हणून तिलाही क्यू. रविवारी संध्याकाळी परतीच्या होडीसाठी गोराईच्या जेट्टीवर लागतो तो आणि आदल्या रात्री आपण ज्याने आठ नंबरचा चेंडू चुकवला तो, हे दोन सख्खे भाऊ.

बायकांना मात्र पुढेही बरीच वर्षं मेसच घ्यायला सांगत. क्यूचं टोक लागून कापड फाटेल ही भीती! कापड फाटायचा धोका पुरुषांकडूनही तितकाच होता, हे आमच्या पडवीतलं टेबल बघून कुणीही सांगेल.

क्यूच्या टोकाला चामड्याची टिप आली ती फ्रेंच कप्तान मिंगो याच्यामुळे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तो तुरुंगात असताना हा प्रयोग करत बसला होता असं सांगतात. शिक्षा संपली तरी सराव पुरा व्हावा म्हणून त्याने आणखी मुक्काम मागितला, अशीही दंतकथा आहे. ती खरी मानायचा मोह होतो. आणि ज्याला आपण चॉक म्हणतो, तो खडू नाहीच. १८९७ साली अमेरिकेत विल्यम स्पिंक्स या खेळाडूने एका रसायनतज्ज्ञाबरोबर त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून त्यात मुख्यतः वाळूच्या जातीची सिलिका आणि कुरुंदासारखी घासणारी पूड असते. फळ्यावर लिहून बघू नये.

नियमात बसते का?

बसते. जागतिक पूल संघटनेच्या नियमांप्रमाणे एका फटक्याला दोन ब्रिजपर्यंत वापरता येतात. ते शेजारी ठेवा, एकावर एक चढवा, मांडणी खेळाडूची. आणि नियमात आमच्या कामाचं एक कलम सापडलं: ब्रिज प्रचलित नमुन्यासारखा असेल, तर खेळाडू स्वतःचा आणू शकतो. म्हणजे सुताराकडून करून घेतलेली घोडी बगलेत मारून स्पर्धेला जायला हरकत नाही. फक्त ती चेंडूला लागता कामा नये. स्नूकरमध्ये रेस्टचा नुसता स्पर्श झाला तरी फाऊल, आणि समोरच्याला निदान चार गुण.

क्यूला मात्र मोजमापाची शिस्त आहे. पूलचा क्यू किमान ४० इंच हवा, वजन २५ औंसांच्या आत, टिपेची रुंदी १४ मिलिमीटरच्या आत. लांबीला वरची मर्यादा नाही. हे वाचून आमच्या बुटक्या मित्राचे डोळे चमकले आणि तो कोपऱ्यातल्या नारळ पाडायच्या आकडीकडे बघू लागला.

सुतारकाका आणि उरलेली फळी

घोडी आम्हाला करून दिली होड्यांची डागडुजी करणाऱ्या एका काकांनी. ‘काय पाहिजे, नीट सांगा’ म्हणाले. आम्ही हातवारे केले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे वल्ह्याला खुंट असतो तसं?’ इतकी चपखल व्याख्या कुठल्याच नियमपुस्तकात नाही. वल्हं खुंटावर टेकतं, पण जोर हाताचा. खुंट हलला तर होडी भलतीकडे जाते.

पुढची दोन तासांची शिकवणी फुकट होती. पहिला प्रश्न लाकडाचा. किनाऱ्यावर सुरू मुबलक, सरळ आणि टणक, पण वाळताना तो तडकतो आणि पिळतो, म्हणून बाद. नारळाचा तंतू जाड, कुसळ निघतं. बांबू हलका आणि सरळ, दांड्याला चालेल, पण डोकं त्याचं होणार नाही. काकांचा कौल सागावर: तेलकट लाकूड, पाण्याला आणि खाऱ्या हवेला पुरून उरतं, आणि होडीतून उरलेला तुकडा जुना, म्हणजे जितकं वाकायचं तितकं वाकून झालेला. इंग्लंडात क्यू अॅश लाकडाचे करतात, अमेरिकेत मेपलचे. दोन्ही झाडं गोराईत उगवत नाहीत, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला.

दांड्याला रंधा मारला. मग डोकं. सागाचीच वीतभर रुंद, दोन बोटं जाड फळी, वरच्या कडेला तीन खाचा: मधली खाली, बाजूच्या दोन चढत्या. खाचेचा आकार महत्त्वाचा. इंग्रजी व्ही सारखी टोकदार केली तर क्यू दोन्हीकडून चिमटला जातो आणि अडखळतो. वाटीसारखी गोल हवी, आणि क्यूपेक्षा जराशी सैल. पूलच्या क्यूचं टोक साधारण १३ मिलिमीटर असतं, काकांनी सरळ आमचा क्यू मागून घेतला आणि तोच खाचेत घालून घालून कानस चालवली. पटाशी, कानस, मग पॉलिश पेपर. शेवटी बोट फिरवून म्हणाले, ‘आता माशाचं पोट झालं.’

पितळी डोक्याच्या रेस्टपेक्षा लाकडी घोडीचं एक सुख हे, की क्यूच्या पॉलिशवर ओरखडे उठत नाहीत आणि किण्ण आवाजही येत नाही. तोटा असा की खाच झिजते. मग पुन्हा घासायची. डोक्याच्या बुडाला जुन्या चपलेचं मऊ चामडं फेविकॉलने चिकटवलं, म्हणजे कापड खरवडत नाही. कडा गोल केल्या. दांडा सरळ आहे का हे बघायला काकांनी एक डोळा मिटला. आम्ही तो टेबलावर गडगडवून बघितला. क्यूची परीक्षा जगभर अशीच घेतात, गडगडताना टोक उडालं की क्यू वाकडा. दोन्ही परीक्षांचा निकाल एकच आला. टेबल थोडं उतरतं आहे, हा शोध मात्र त्यात फुकट लागला.

हौस असेल त्यांनी याच्या पुढे जावं. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं-खेळणी करणारे कारागीर आहेत. लाकूड कातून त्यावर लाखेचे रंगीत पट्टे चढवण्याचं काम आपल्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. पाळण्याच्या दांड्या, लाटणी, पोळपाटाचे पाय ज्या हातांनी कातले, त्यांना रेस्टचा दांडा म्हणजे जरा लांबलेलं लाटणंच. लाल-हिरव्या लाखेची घोडी कुणी करून घेतली तर मी बघायला येईन.

धरायची कशी

निम्मे लोक इथेच फसतात. घोडी हवेत उचलून धरायची नसते. दांडा टेबलावर आडवा निजवायचा आणि डाव्या हाताने दाबून ठेवायचा. उजव्या हाताने क्यूचं बूड धरायचं ते मुठीत नव्हे, अंगठा आणि बोटांच्या चिमटीत, दात घासायचा ब्रश धरतो तसं. कोपर बाहेर, जमिनीला समांतर. फटका कोपरापुढचा, खांद्याचा नव्हे. आणि चेंडूच्या मध्यावर मारायचं. घोडीवरून फिरकी द्यायला जाणं म्हणजे सायकल शिकण्याआधी हात सोडणं.

आधाराची ही युक्ती तशी फार जुनी. तोड्याच्या जड बंदुका घेऊन फिरणारे युरोपी शिपाई टोकाला बेळकं असलेली काठी बरोबर बाळगत आणि नळी तिच्यावर टेकवून नेम धरत. मुंबईत दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर एका हातात टोकाला फडकं गुंडाळलेली काठी धरून तिच्यावर मनगट टेकवायचे, म्हणून तर अक्षर हलायचं नाही. त्यांना कुणी आजीची काठी म्हणून हिणवल्याचं ऐकलं नाही.

गोराईत अपवाद म्हणून बोट दाखवावं असं एकच: ग्लोबल विपश्यना पगोडा. २००९ साली खुला झालेल्या या पगोड्याच्या घुमटाखाली आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात आणि आत एकही खांब नाही. दगडात दगड अडकवून उभा आहे. बिनटेकूचं काम असं करता येत असेल त्याने जरूर करावं.

पुण्याचं पाणी, मुंबईची टेबलं

या खेळाचा आपल्याशी संबंध होडीतून आलेल्या पाहुण्याचा नाही. स्नूकर जन्मला तोच जबलपुरात, १८७५ साली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. (मेसमध्येच, आणि ढकलायची काठीही मेस. योगायोग.) भारताला कुठल्याही खेळातला पहिला वैयक्तिक जगज्जेता दिला तो बिलियर्ड्सने: विल्सन जोन्स, जन्म पुणे १९२२. १९५८ साली कोलकात्यात ते जागतिक हौशी विजेते झाले आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा. पुढे पंकज अडवाणी, ज्याच्या नावावर पंचवीसहून जास्त जागतिक किताब आहेत, तो वाढला बंगळुरूत, पण जन्म त्याचाही पुण्याचाच, १९८५ चा. पुणेकर हे सांगायला विसरतात असं सहसा होत नाही, म्हणून आपणच सांगून मोकळं व्हावं.

मुंबईचे मायकल फरेरा तीनदा जागतिक हौशी विजेते झाले: १९७७, १९८१, १९८३. त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांनी ती नाकारली, कारण क्रिकेटमधल्या गावसकरांना पद्मभूषण मिळालं होतं. जगज्जेत्याला कमी का, हा त्यांचा सवाल. १९८३ साली पद्मभूषण घरी आलं. यासिन मर्चंट १९८९ साली आशियाई स्नूकर जिंकणारा पहिला भारतीय, तोही मुंबईचा. आदित्य मेहताने २०१३ साली कोलंबियातल्या कालीत जागतिक क्रीडा स्पर्धेचं सोनं आणलं. आणि २०१५ साली इंडियन ओपन ही व्यावसायिक स्पर्धा आपल्या उपनगरात, सांताक्रुझच्या एका हॉटेलात भरली होती.

या सगळ्यांच्या मागे क्लबातले मार्कर असतात. गुण मांडायचे, कापड ब्रशने एका दिशेला झाडायचं, इस्त्री करायची आणि खेळाडूने नुसता हात मागे केला की हातात रेस्ट ठेवायची. चांगला मार्कर कोणती रेस्ट हवी हे खेळाडूच्या आधी ओळखतो. आमच्या पडवीत मार्कर नसल्याने तिघं तीन सल्ले देत होते.

रेस्टची लाज टाळायचा एकच राजमार्ग आहे: दुसऱ्या हाताने खेळायला शिकणं. रॉनी ओ’सलिव्हन हा उजवा खेळाडू डाव्याने इतका सहज खेळतो की त्याला रेस्ट क्वचितच लागते. १९९६ च्या जागतिक स्पर्धेत त्याने डाव्याने खेळल्यावर समोरचा कॅनडाचा अलें रोबिदू इतका भडकला की सामन्यानंतर हात मिळवेना. त्याला तो अपमान वाटला. म्हणजे रेस्ट घेतली तर लोक हसतात आणि नाही घेतली तर लोक रागावतात.

आमची घोडी अजून त्याच बंगल्यात आहे. यंदा पुन्हा गेलो तेव्हा टेबलापाशी दिसेना, आणि चुलीकडे बघायचा कुणाला धीर होईना. बंगला सांभाळणारे काका म्हणाले, ‘अंगणात आहे की.’ कपड्यांची दोरी मध्ये झोळ देऊन खाली लोंबत होती, तिला खालून टेकू म्हणून सागाची घोडी उभी, मधल्या खाचेत दोरी बरोब्बर बसलेली. चादरी ओल्या होत्या. पहिला डाव त्या वाळेपर्यंत थांबला.